राजकन्येचा सिनेमा लेकरांनी पाहावा का? लेकरांनाच विचारू या



आज आम्ही सिनेमावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, सोयाबीनच्या भावाचं बोला, कर्जाच्या हप्त्याचं बोला, सिनेमाचं काय घेऊन बसलात? पण बायांनो, आपण निंदणाला, वेचणीला गेलो की मागं घरात लेकरू असतं आणि त्याच्या हातात मोबाईल असतो. त्या मोबाईलवर ते काय पाहतं आणि पाहून मनात काय साठवतं, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

विषय निघाला गटाच्या बैठकीत. एक ताई म्हणाल्या, "आमची पोरगी दिवसभर त्या राजकन्येचं कार्टून पाहते. ओढणी डोक्याला बांधून राणी होते. हे चांगलं की वाईट?" झालं, बैठकीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, यातनं पोरी नटव्या होतात, राजपुत्राची वाट पाहायला शिकतात. काहींचं म्हणणं, कार्टूनच तर आहे, तेवढ्या वेळात आपल्या भाकरी होतात. बराच वेळ वाद झाला. मग कोपऱ्यात बसलेल्या एक काकू बोलल्या, "तुम्ही साऱ्या मोठ्या बाया भांडून राहिल्या. पाहते तर ते लेकरू. त्याले विचारलं का कोणी?"

काकूंचं म्हणणं आम्हाला पटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली अठरा-वीस मुलं-मुली एका ताईंच्या घरी टीव्हीसमोर बसवली. अंगणवाडीतल्या पिल्लापासून आठवीतल्या मुलींपर्यंत. सिनेमा होता 'फ्रोझन', हिंदीत आवाज दिलेला. आम्हीही खाली सतरंजीवर मुलांबरोबर बसलो. मग मुलांना बोलतं केलं. त्यांनी काय सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. सिनेमा अमेरिकेच्या डिस्ने कंपनीचा, २०१३ सालचा. डेन्मार्क देशातल्या हान्स अँडरसन या लेखकाची हिमराणीची एक जुनी परीकथा आहे, तिच्यावरून तो सुचला. दोन दिग्दर्शकांपैकी एक बाई आहे, जेनिफर ली. त्या स्टुडिओच्या मोठ्या कार्टून सिनेमाचं दिग्दर्शन तोवर कुठल्याच बाईनं केलेलं नव्हतं.

गोष्ट दोन बहिणींची आहे. थोरली एल्सा, धाकटी अ‍ॅना. एल्साच्या हातात जादू आहे, हात लावेल तिथं बर्फ होतो. खेळता खेळता तिच्या हातून धाकटीला इजा होते. आईबाप घाबरतात. थोरलीला खोलीत ठेवतात, हातमोजे घालतात, कोणाला कळू देऊ नको म्हणून शिकवतात. धाकटी दारावर टकटक करत राहते, दार उघडत नाही. पुढं आईबाप समुद्रात बुडून जातात. एल्सा राणी होते त्या दिवशी अ‍ॅनाला एक राजपुत्र भेटतो आणि संध्याकाळपर्यंत दोघं लग्न ठरवून मोकळे होतात. एल्सा म्हणते, आज भेटलेल्या माणसाशी लग्न करायचं नाही. भांडण होतं, जादू सगळ्यांना दिसते, एल्सा डोंगरात पळून जाते. भर उन्हाळ्यात सगळं राज्य गोठतं. अ‍ॅना तिला शोधायला निघते. शेवटी कळतं की तो राजपुत्र राज्याच्या लोभानं आलेला असतो. अ‍ॅनाचा जीव राजपुत्राच्या प्रेमानं वाचत नाही. बहिणीला वाचवायला ती तलवारीपुढं उभी राहते, त्या मायेनं वाचतो.

आता मुलांचं ऐका.

आम्हाला वाटलं होतं, मुलं बर्फाच्या राक्षसाला घाबरतील. पाच वर्षांच्या आतली घाबरलीही. एकानं आजीच्या पदरात तोंड लपवलं, एक म्हणाला, "मले भेव वाटला, पण मंग तो बाहुला आला तं हासू आलं." मोठ्या मुलांना मात्र राक्षसाचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते बंद दार. तिसरीतली एक मुलगी रागानं म्हणाली, "तिले कोंडलं काऊन? तिनं तं मुद्दाम नाही केलं." दुसरी म्हणाली, "आई दार उघडून एकडाव तं सांगायचं ना लहानीले, का झालं म्हणून." धाकट्या बहिणीला खरं काय ते कोणी सांगितलंच नाही, हे मुलांना सगळ्यात जास्त चुकीचं वाटलं.

आठवीतल्या मुली आधी गप्प होत्या. मग एक हळूच म्हणाली, "आमचंही असंच असते." आम्ही विचारलं, कसं? ती म्हणाली, पाळी आली की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, कोणाला कळू देऊ नको. इथं बसू नको, तिथं हात लावू नको. बाकीच्या मुलींनी माना हलवल्या. ती हातमोजे घातलेली राजकन्या परदेशातली, पण त्या मुलींना ती आपल्यातलीच वाटली. बायांनो, त्या वेळी आमच्यातल्या कोणालाच काही बोलायला सुचलं नाही.

दुसरी गोष्ट जहाजाची. आईबाप बुडतात तो प्रसंग दोन मिनिटांचाही नाही. पण तेवढ्यात एक मूल उठून बाहेर गेलं. त्याच्या घरात काही काळापूर्वी मोठं दुःख झालेलं होतं. एक मावशी त्याच्यामागं गेल्या, ओट्यावर जवळ घेऊन बसल्या. थोड्या वेळानं ते आपणहून आत आलं आणि शेवटपर्यंत बसलं. नंतर त्यानं एकच विचारलं, "त्याह्यचे आईबाप मेल्यावर त्याह्यले जेवाले कोण देत होतं?"

आपला बुलढाणा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या दुःखातनं गेलेला आहे. कितीतरी घरांत बापाच्या फोटोला हार आहे. अशा घरातल्या लेकराला कुठला प्रसंग कुठं टोचेल, हे सिनेमावर छापलेल्या शिक्क्याला कसं कळणार? ते त्या लेकराच्या जवळच्या माणसालाच कळतं. म्हणून तर शेजारी बसायचं.

शिक्क्याचं निघालं म्हणून तेही सांगून टाकतो. आपल्या देशात थिएटरात सिनेमा लावायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. 'यू' म्हणजे सगळ्यांनी पाहावा असा. 'यूए' म्हणजे लहान मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली दाखवावा असा. 'ए' म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. २०२३ साली कायदा सुधारला आणि 'यूए'चे तीन भाग झाले: ७ वर्षांवरचे, १३ वर्षांवरचे आणि १६ वर्षांवरचे. अमेरिकेत 'फ्रोझन'ला जो शिक्का मिळाला, त्याचा अर्थ आईबापांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा होतो. परीकथेचा सिनेमा म्हणजे लहानग्यांना सगळाच चालतो, असं जगात कोणी मानत नाही. डिस्नेचा पहिला मोठा कार्टून सिनेमा हिमगौरीचा, १९३७ सालचा. इंग्लंडच्या सेन्सॉरनं तेव्हा तो लहान मुलांनी एकट्यानं पाहू नये असं ठरवलं होतं, कारण त्यातली चेटकीण भीतीदायक होती. पण मोबाईलवर कोण अडवणार? तिथं सेन्सॉर बोर्ड म्हणजे आपण.

आता लग्नाची गोष्ट. आमच्या काही ताईंना काळजी होती की राजपुत्र पाहून पोरी भलतंच काही शिकतील. पण अ‍ॅनानं संध्याकाळी लग्न ठरवलं तेव्हा सगळ्यात जोरात कोण ओरडलं? सहावी-सातवीतल्या मुली! "एका दिवसात लगन ठरवते? येडी हाये का?" आणि राजपुत्रानं खरं रूप दाखवल्यावर एकीनं टाळीच वाजवली, "म्या म्हटलं होतं!" दुसरी म्हणाली, "एल्सा बराबर सांगत होती, पण तिचं कोणी आयकलं नाही." शेवटी अ‍ॅनाला जीव लावणारा तो बर्फ विकणारा पोरगा तिला जवळ घेण्याआधी तिची परवानगी विचारतो. त्यावर मोठ्या मुली खुसखुसल्या, पण एक म्हणाली, "विचारते तं खरं. चांगला हाये."

या वयातली मुलगी असं बोलते तेव्हा आपण हसून सोडून द्यायचं का? जरा आपल्याकडं पाहू. मुलगी पाहायला पाहुणे सकाळी येतात, चहा-पोहे होतात आणि दुपारी सुपारी फुटते. मुलगी त्या मुलाशी चार शब्द बोललेली नसते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० बायांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. म्हणजे पाचात एकीहून जास्त. डिस्नेचाच १९५९ सालचा झोपलेल्या राजकन्येचा सिनेमा आहे. त्यात तर पाळण्यातच सोयरीक होते आणि सोळाव्या वाढदिवशी तिला घरी आणतात. तो पाहून आपण म्हणू, काय ही परीकथा! पण पाळण्यातली सोयरीक आपल्याला नवी आहे का? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलीचं लग्न १८ च्या आत आणि मुलाचं २१ च्या आत लावता येत नाही. असं लग्न कुठं ठरत असेल तर १०९८ या नंबरवर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. ज्या पोरी पडद्यावरच्या लग्नाला येडी हाये का म्हणाल्या, त्यांना उद्या स्वतःच्या लग्नाबद्दल तसं म्हणता आलं पाहिजे. आणि आपल्याला ते ऐकता आलं पाहिजे.

मुलग्यांचंही सांगतो. दोघं सुरुवातीला नाक मुरडून बसले होते, "हा पोरीयचा पिक्चर हाये." पण बर्फाचा बाहुला आणि तो रेनडिअर पाहून जागचे हलले नाहीत. पाचवीतला एक जण म्हणाला, "मले वाटलं तो राजपुत्र तिले वाचवते. पण तिनंच वाचवलं." त्याला त्याचं नवल वाटलं होतं, राग आला नव्हता. राजकन्येचा सिनेमा मुलग्यांनाही दाखवावा, हे आम्हाला त्या पोरानं शिकवलं.

इथवर ऐकून वाटेल, मुलं शहाणी आहेत, मग आपली गरज काय? गरज आहे, तीही ऐका. दुसरीतली एक चिमुरडी सगळ्यांच्या नंतर जवळ आली आणि म्हणाली, "मी काळी हावो. मी राजकन्या नाही ना होणार?"

या सिनेमातल्या दोघी बहिणी गोऱ्यापान, डोळे बशीएवढे, कंबर मुठीत मावेल एवढी. ते कोणी तोंडानं बोलत नाही, पण लेकरू पाहतं. मोठ्या मुलींतली एक तिला म्हणाली, "ती बर्फातली हाये, म्हणून तशी. आपण उन्हातले." उत्तर छान होतं. पण बायांनो, काळेपणाचं ओझं त्या पोरीच्या डोक्यात एकट्या सिनेमानं घातलं का? बारशाला पाळण्यात डोकावून आधी रंग कोण पाहतं? "काळी आहे, हुंडा जास्त लागेल" हे वाक्य तिनं कुठं ऐकलं असेल? सिनेमावर बोट ठेवताना घरातल्या बोलण्यावरही ठेवू.

याबद्दल अमेरिकेत अभ्यास झाले आहेत. साराह कॉइन नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१६ साली १९८ लहान मुलांचा अभ्यास मांडला. राजकन्यांच्या सिनेमा-खेळण्यांत जास्त रमणारी मुलं वर्षभरानंतर 'बायकी' समजलं जाणारं वागणं जास्त धरून होती. त्यांच्याच गटानं २०२१ मध्ये पुढचा अभ्यास मांडला, ३०७ मुलांचा. त्यात लहानपणी राजकन्यांत रमलेली मुलं दहा-अकराव्या वर्षी उलट बाईबद्दल जास्त बरोबरीनं विचार करताना दिसली, पुरुषानं दमदाटी करावी असं कमी मानताना दिसली. दोन्ही एकत्र ठेवले तर आम्हाला एवढंच समजतं, की सिनेमा सुटा काही करत नाही. लेकरू तो पाहून पुढं कोणाशी काय बोलतं, यावर बरंच अवलंबून असतं.

आणखी एक हिशोब ऐका, हा आम्हाला फार आवडला. दोन भाषा-अभ्यासक बायांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या सिनेमांत कोण किती बोलतं ते मोजलं. १९८९ च्या जलपरीच्या सिनेमात १०० पैकी ६८ वाटे बोलणं पुरुषांचं. त्यातली जलपरी तर राजपुत्रासाठी स्वतःचा आवाजच देऊन टाकते. आणि 'फ्रोझन', ज्यात दोन-दोन राजकन्या आहेत, त्यातही ५९ वाटे बोलणं पुरुषांचंच! नाव राजकन्येचं, बोलणार दुसरेच. हे ऐकून आमच्या एक ताई म्हणाल्या, "म्हणजे आपली ग्रामसभाच की!" पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या, खुर्चीवर सरपंच ताई, आणि बोलायला उठतात त्यांचे मालक. महिलांची वेगळी सभा कायद्यानं दिलेली आहे, तीही कित्येकदा सहीपुरती होते.

गोष्टींतली बाई कोण रंगवतं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्याच. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. पोथ्या-पुराणांत आणि त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बाईला कसं रंगवलं जातं, सगळा दोष तिच्याच माथी कसा मारतात, हे त्यांनी रोखठोक विचारलं. जोतिराव फुल्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता. पण ऐकलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायचा, ही रीत ताराबाईंनी बुलढाण्यात बसून घालून दिली. आपल्याही कहाण्यांत आवडती राणी महालात आणि नावडती गोठ्यात असतेच की. तीही गोष्ट लेकरांनी ऐकावी आणि विचारावं, नावडती काऊन?

आणि राजकन्याच हवी असेल तर आपल्याकडं सिंदखेडराजा आहे. आमच्यातल्या एका मुलीनं विचारलंच, "जिजाऊ बी राजाचीच पोरगी होती ना?" राजाची नाही, लखुजीराव जाधवांची. मोठे मातब्बर सरदार. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म तिथल्या राजवाड्यात झाला. तो वाडा आजही उभा आहे. लेकरांना एकदा तिथं न्या, त्या दारातून आत जाऊ द्या. आमचं म्हणणं असं नाही की एल्सा काढा आणि जिजाऊ लावा. दोघींची गोष्ट लेकराला माहीत असू द्या. मग ते आपणच दोघींना शेजारी बसवतं आणि आपणच ठरवतं.

मग 'फ्रोझन' लेकरांना दाखवावा का? आमच्या मुलांनी दिलेला निकाल असा. सहा-सात वर्षांवरच्यांनी खुशाल पाहावा. त्याहून लहान असेल तर मांडीवर घेऊन पाहावा, आणि राक्षस आला की सांगावं, हे चित्र आहे. घरात कोणी नुकतं गेलं असेल तर जहाजाच्या प्रसंगाला लेकराला एकटं सोडू नये. मुली-मुलगे दोघांनी पाहावा. आणि शेवटची अट आठवीतल्या मुलींची: "आयांनी बी पाहावा." का, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला कळलं.

पुढच्या महिन्यात गटाची बैठक झाली की एक करून पाहा. तुमचं लेकरू जे पाहतं, ते एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. मग तीन गोष्टी विचारा. कुठं भीती वाटली? कोणाचं चुकलं असं वाटतं? तू तिथं असतीस, असतास, तर काय केलं असतंस? विचारल्यावर मध्ये बोलू नका. मत लगेच सांगू नका. लेकरू अडखळेल, विषय सोडून बोलेल, बोलू द्या. त्यात कुठंतरी ते तुम्हाला घरातलं बंद दार दाखवेल.

त्याचं उत्तर बैठकीत सांगा, आम्हालाही कळवा. रेडिओवर पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या लेकरांचं म्हणणं सांगू. आता आम्हालाही घरी जायचं आहे, लेकरं वाट पाहत असतील. नमस्कार.